शीळ बंद

आमची कुत्री मिरी घसरली ते मी बघितलं. बाबांनी नाही बघितलं, ते मेंढ्यांकडं बघत होते. चार-पाच मेंढ्या ओढ्याच्या अंगाला फुटल्या होत्या. बाबांनी दोन बोटं तोंडात घालून शीळ मारली, मिरी सुटली, आणि ओल्या कातळावर वळताना तिचा मागचा डावा पाय एकीकडं गेला आणि ती दुसरीकडं. ओरडली नाही. उठली, मेंढ्या वळवल्या, कळपात आणून घातल्या, मग खाली बसून ओठ चाटत राहिली.

"पाय दुखावला तिचा," मी म्हणाले.

"कशावरून? आत्ता धावली की तुझ्यासमोर."

"घसरली म्हणून सांगतेय ना!"

"बरं बाई, बरं. अंगावर नको येऊस."

बाबा मला ठिणगी म्हणतात. कुठंही पडली की पेटते म्हणून.

घरी आल्यावर मिरी पायरीपाशी थांबली. एवढीशी पायरी, एरवी ती तिच्याकडं बघतही नाही, सरळ उडी मारून आत. आज पायरीपुढं अशी उभी राहिली की जणू कुणी भिंतच बांधून ठेवलीय. मग वळली आणि मेंढवाड्याच्या कडेला जाऊन पडली. आईनं हातातली बादली खाली ठेवली.

"अहो, ही वर येत नाहीये."

बाबा मिरीपाशी जाऊन उकिडवे बसले. म्हणजे त्यांनाही कळलं होतं.

थंडी पडायच्या आत आम्हाला कळप खिंडीतून पलीकडं न्यावा लागतो. इकडं नंतर गवताची काडी राहत नाही. खिंडीची वाट म्हणजे एका अंगाला कातळ आणि दुसऱ्या अंगाला सरळ दरी. मेंढीचं डोकं ते मेंढीचंच, एक उडाली की मागच्या सगळ्या उडणार. त्यांना कातळाच्या बाजूला दाबून धरायला कुत्रं लागतं. दादा होता तेव्हा तो आणि मिरी मिळून करायचे. दादा आता शहरात ट्रक चालवतो आणि फोनवर नुसता 'येतो, येतो' करतो. त्यात ह्या वर्षी खिंडीच्या बाजूनं लांडगा उतरला होता. एक होता की जास्त, कुणाला माहीत नव्हतं.

सकाळी भोंगाकाका आले. बाबांचे चुलतभाऊ, टेकाडाच्या पलीकडं त्यांचा कळप. काका बोलायला लागले की टेकाडाच्या अलीकडची माणसं 'ओ' देतात, म्हणून ते नाव. त्यांची दोन दांडगी कुत्री त्यांच्या मागं होती. मिरी ती बघून उठली, आणि उठताना मागचा पाय तिनं जमिनीला टेकवलाच नाही.

"काय रे!" काका ओरडले. "तीन पायांचं स्टूल पाळलंयस का?"

"लचकलाय थोडा," बाबा म्हणाले.

"मग बसलायस काय? मी एक हिसडा देतो, कट् वाजलं की लागली चालायला." काका बाह्या सारून वाकले. मी मध्ये जाऊन उभी राहिले.

"लावून बघा हात, काका."

"का गं? चावते काय?"

"कुत्री नाही चावत. माझं सांगता येत नाही."

काका एवढे हसले की मेंढ्या दचकल्या. मग हसणं थांबवून बाबांना म्हणाले, "हे बघ. नाहीच सुधारली तर मला देऊन टाक. साखळीला बांधून ठेवतो, पिल्लं काढतो. असली जात वाया घालवू नये. खिंडीला निघायच्या आधी सांग, म्हणजे झालं."

मला वाटलं बाबा नाही म्हणतील. बाबा म्हणाले, "बघू."

त्यांच्याकडच्या साखळ्या मी बघितल्यात. खुंटीभोवती जमीन खरवडून गोल खड्डा झालेला असतो.

जनावरांच्या डॉक्टरीणबाई फटफटीवरून आल्या. आधी मिरीकडं बघितलंच नाही, आम्हालाच विचारत बसल्या, कशी घसरली, कुठं वळत होती, नंतर किती धावली. मग मिरीच्या मागं गुडघ्यावर बसल्या आणि दोन्ही मांड्या दोन हातांत घेऊन दाबत दाबत वर गेल्या. डावा पाय हळूच मागं ताणला. मिरीनं ओठ चाटले.

"बघितलंस?" बाई मला म्हणाल्या. "हे हिचं ओरडणं. ह्या कामाच्या कुत्र्यांना ओरडता येत नाही."

"शीर चढलीय का?" बाबांनी विचारलं.

"शीर नाही. जांघेतलं मांस फाटलंय आतून. हाड शाबूत आहे. भरून येईल हो, पण कसं भरेल ते तुमच्या हातात. बेतानं चालवत आणलीत तर मऊ भरेल, ताणलं की ताणेल. घाईनं पळवलीत तर तिथं दोरखंड होऊन बसेल. मग जन्मभर असं." बाई उठल्या आणि आपलाच पाय बाहेर फेकत फेकत अंगणभर चालून दाखवलं. आईनं हसू येतं म्हणून तोंडावर हात धरला. मला हसू आलं नाही.

आधी नुसतं बांधून ठेवायचं आणि गार पाण्याची पट्टी. मग शेक, मग दोरीवर सपाटीला चालवायचं. मग पाण्यातून, मग चढावर. लघवीलासुद्धा दोरीवरच न्यायचं. पळणं सगळ्यात शेवटी, तेही बाई सांगतील तेव्हा.

"हिला सुटावंसं कशानं वाटतं?" बाईंनी विचारलं.

"ह्यांच्या शिळेनं," आई म्हणाली. "मेलेली असली तरी उठेल."

"मग शीळ बंद. हिच्या कानावर जाईल तिथवर कुठंही नाही."

बाबांनी आपल्या बोटांकडं बघितलं. त्यांचा एक पुढचा दात नाही, त्या फटीतून त्यांची शीळ येते. जायची वेगळी, यायची वेगळी, आणि बसायची लांब, उतरती. तशी कुणाचीच नाही. दादानं वर्षभर शिकायचा प्रयत्न केला, नुसती थुंकी उडायची.

मग सुरू झालं. आई कळपाच्या पुढं, बाबा मागं, आणि मी घरी मिरीच्या दोरीला. बाहेर कुठं धावपळ झाली की मिरीचे कान उभे राहायचे आणि तिच्या पाठीवरून एक लाट जायची, शेपटीपर्यंत. मी तिच्या अंगावर हात ठेवून बसायचे. मला स्वतःला एका जागी बसवत नाही, शाळेतल्या बाईंना विचारा. पण बसले.

मेंढ्यांना दोन-चार दिवसांतच कळलं की कुत्रं नाही. पहिल्यांदा त्यांनी नुसती माना वर करून बघितलं. मग एक बाजूला गेली, तिला कुणी वळवलं नाही, मग दुसरी गेली. बाबा काठी घेऊन धावायचे, हुर्र हुर्र करत, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. शीळ मारायला हात वर जायचा आणि तोंडापाशी थांबायचा. एकदा मी जेवणाचा डबा घेऊन वर गेले तर बाबा उतारावर बसून घसरत चालले होते, मेंढ्यांच्या मागं, आणि भोंगाकाका टेकाडावर आपल्या कुत्र्यांमध्ये उभे राहून ओरडत होते, "डावीकडून! डावीकडून जा! शाबास! आता बस! बस म्हटलं ना!"

बाबा थांबले. गुडघ्यांवर हात ठेवून वाकले. त्यांची पाठ भात्यासारखी वर-खाली होत होती. वर बघितलंच नाही त्यांनी. मी दगड उचलला. आईनं माझं मनगट धरलं.

"टाक खाली."

"आई, ते बाबांना—"

"ऐकू येतं मला. टाक."

संध्याकाळी आई पाणी गरम करायची. एक फडकं मिरीच्या मांडीवर, एक बाबांच्या गुडघ्यावर. "घरात लंगड्यांचा दवाखानाच काढलाय मी," आई म्हणायची. "तुम्हालाही बांधू का दोरीला?" बाबा हसायचे नाहीत. मिरीकडं बघत राहायचे. ते बघणं मला आवडायचं नाही. बाजारात जनावर घ्यायला आलेला माणूस बघतो तसं होतं.

आणि मग बाबांनी ते केलं.

मिरी दोरीवर सरळ चालायला लागली होती. चारी पाय टेकत होती, पायरी चढत होती. मी बाईंना कळवायचं म्हणत होते. बाबा सकाळी म्हणाले, "आण तिला वर. बघू जरा."

"बाईंनी सांगितलंय—"

"बाईंना खिंड चढायची नाहीये. कुत्रं बरं झालंय का नाही ते कामात कळतं. माझ्या बापानं तसंच बघितलं, मीही तसंच बघणार. दोरी सोड."

मी सोडली. मलाही बघायचं होतं, उगाच खोटं कशाला सांगू. बाबांनी शीळ मारली. इतक्या दिवसांनी ती शीळ ऐकून माझ्याच अंगावर काटा आला. मिरी गेली. पोट जमिनीला घासत, कान मागं, कळपाला मोठा वळसा घालून गेली आणि मेंढ्या लोण्यासारख्या एकत्र आल्या. लंगडणं नाही, काही नाही. बाबा चक्क हसले. त्या दातातल्या फटीसकट.

"हे बघ," म्हणाले. "हिला काय धाड भरलीय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हाक मारली तर मिरी उठली नाही. शेपटी हलवली. पुढचे पाय टेकले, अंग अर्धं उचललं, आणि परत खाली ठेवलं. ओठ चाटत माझ्याकडं बघत राहिली, जशी काही चूक तिचीच होती.

मी बाबांना काय काय बोलले ते सांगत नाही. आई म्हणाली, "बापाशी बोलतेयस तू." बाबा म्हणाले, "बोलू दे तिला," आणि काठी घेऊन मेंढ्यांमागं गेले.

बाई आल्या तेव्हा त्यांनी माझी दोन बोटं धरून मिरीच्या जांघेत दाबली. "इथं. लागतंय?" आत एक कडक गाठ होती, शेंगदाण्याएवढी. "ही मागच्या वेळी नव्हती." मग बाबांकडं वळल्या. "कामात बघितलंत ना तुम्ही? सगळे तसंच बघतात. कामात असली की हिला दुखणं कळतच नाही हो. तुम्हाला बघायचंच असेल तर झोपेतून उठताना बघा. पहिलं पाऊल. तेव्हा ही खोटं बोलू शकत नाही."

"आता?" बाबांनी विचारलं.

"आता परत पहिल्यापासून. ही गाठ रोज चोळून मऊ करायची. आणखी एकदा अशी पळाली तर मला बोलवू नका, मला काही करता येणार नाही."

"खिंडीला निघायच्या आत बरी होईल?"

"खिंड तुम्ही ठरवा. मांस काय कॅलेंडर बघून भरत नाही."

तेव्हापासून माझी झोप उडाली. मिरी उठायच्या आधी मी उठून बसायचे आणि तिचं पहिलं पाऊल बघायचे. रोज तेच, मागच्या डाव्या पायाचं नुसतं नख टेकायचं. गाठ चोळताना ती थरथरायची आणि माझा हात चाटायची. मी तिला शिव्या द्यायचे आणि चोळायचे.

त्याच आठवड्यात लांडग्यानं कोकरू नेलं. दिवसाढवळ्या. आई पुढं होती, बाबा मागं, मधून धुक्याचा एक लोट गेला, आणि धुकं सरलं तेव्हा एक मेंढी ओरडत गोल गोल फिरत होती. रक्त नाही, आवाज नाही. आई घरी आली ती हात धुवत बसली, हाताला काही लागलेलं नसताना.

"त्याला कळलंय," ती म्हणाली. "कुत्रं नाही ते त्यालाही कळलंय."

पाण्यातून चालवायची वेळ आली तेव्हा मी मिरीला ओढ्यावर न्यायला लागले. तिच्या पोटाला लागेल एवढं पाणी बघायचं, आणि त्यातून वरच्या अंगाला चालायचं, पाऊल पाऊल. पाण्यात वजन पडत नाही आणि मांस जागं होतं, असं बाई म्हणाल्या होत्या. पाणी एवढं गार की माझ्या नडग्या आधी दुखायच्या, मग जळायच्या, मग माझ्या नसल्यासारख्याच व्हायच्या. मिरीला आवडायचं.

एके दिवशी ती मध्येच थांबली. मानेवरचे केस उभे राहिले. मी बघितलं तर पलीकडच्या चिखलात पावलं होती. मिरीच्या पावलापेक्षा मोठी, एकापुढं एक, सरळ रेघेत. एका पावलात पाणी अजून झिरपत होतं. भरलं नव्हतं.

माझ्या हातात एक दोरी होती, बाकी काही नाही. मला पळायचं होतं. माझे पाय पळायला निघालेच होते. पण मी पळाले असते तर मिरी पळाली असती. मी दोरी आखूड केली आणि म्हणाले, "चल. सावकाश." माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. आम्ही पाण्यातून परत फिरलो, पाऊल पाऊल, पाठीला ती सगळी झाडी घेऊन. मागं वळून बघायचं नाही असं मी ठरवलं आणि दर पावलाला बघितलं. घर दिसलं तेव्हा मला रडू आलं आणि मी रागानं दाराला लाथ मारली.

आईला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ओढा बंद झाला असता.

मग ते मोठं धुकं आलं. सकाळी नुसतं खाली होतं, दुपारी घराचं दार उघडलं की पांढरी भिंत. आईला ताप होता म्हणून बाबा एकटेच कळप घेऊन गेले होते. मी मिरीला घरामागच्या चढावर चालवत होते, वर दहा पावलं, खाली दहा पावलं. गाठ जरा मऊ पडली होती. तेवढ्यात शीळ आली.

यायची शीळ. बाबांची. मिरी ताठ झाली.

परत आली. आणि परत. बाबा तीनदा कधी बोलवत नाहीत.

माझ्या डोक्यात एकदम सगळं आलं. बाबांना माहीत होतं की शीळ बंद आहे. माहीत असून मारत होते. म्हणजे पडले असतील, नाहीतर लांडगा समोर असेल, नाहीतर दोन्ही. दोरी सोडली तर मिरी उडत पोचेल. आणि मग तो पाय संपला. मिरी मागच्या पायांवर उभी राहून दोरी ओढत होती, गळ्यातून एक बारीक आवाज काढत होती, आणि माझी बोटं पट्ट्याच्या कडीवर होती. कडी उघडायला काय लागतं? अंगठा दाबायचा.

मी नाही दाबला. का, ते मला अजून नीट सांगता येत नाही. मी माझं जॅकेट काढलं, तिच्या पोटाखालून घातलं, दोन्ही बाह्या वर धरल्या, म्हणजे तिनं ओढलं तरी मागच्या पायांवर भार नको. आणि निघालो. चालत. बाबा तिकडं आणि आम्ही चालत. धुक्यात माझेच पाय मला दिसत नव्हते. मिरी भुंकायला लागली.

शीळ थांबली. सगळं थांबलं. आणि मग दुसरी शीळ आली. लांब, उतरती. बसायची.

मिरी धाडकन खाली बसली. मी ओढली, हलली नाही. मला आधी काहीच कळेना. बोलवून बसायला का सांगतायत? मग कळलं. त्यांना भुंकणं ऐकू आलं होतं, आणि त्यांना वाटलं होतं की ती सुटून पळत येतेय. त्यांनी घाबरून बोलवलं होतं आणि आता नको म्हणत होते. त्यांना काय होतंय ते होऊ दे, पण तिनं पळू नये म्हणून.

मी छाती फुटेस्तोवर ओरडले, "बाबाऽऽ! दोरी आहे! दोरी धरलीय मी!"

काही नाही. धुकं कानात भरल्यासारखं.

"चालत येतोय आम्ही! बाबाऽऽ! चालत!"

किती वेळानं कोण जाणे, यायची शीळ आली. हळू. मी अशी हळू शीळ त्यांच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. मिरी उठली आणि माझ्या पायाला पाय लावून चालायला लागली.

बाबा तुटक्या कड्याच्या वर होते. आधी मेंढ्यांचा वास आला, मग मेंढ्या, एकमेकींत घुसून गोळा झालेल्या, शेवटच्या तर कड्याच्या पार ओठावर. बाबा त्यांच्या आणि कड्याच्या मधल्या चिंचोळ्या जागेत बसले होते, हात पसरून, एक गुडघा वाकडा. हलले असते तर मेंढ्या उधळल्या असत्या. चेहरा राखेसारखा.

"तिथं आहे," ते ओठ न हलवता म्हणाले. "त्या दगडामागं. मगाचपासून."

मला दगड दिसत नव्हता. मिरीला दिसत होता. ती माझ्या हाताखाली दोरीसारखी पिळली गेली आणि तिच्या पोटातून गुरगुर आली, ती माझ्या हातातून वर खांद्यापर्यंत गेली.

"मी काय करू?"

"वळसा घाल. कड्याच्या बाजूनं. ती जाते तशी जा. सावकाश."

मी दगडाकडं पाठ केली. ते सगळ्यात वाईट होतं. मेंढ्या आणि कडा ह्यांच्यामधून मी आणि मिरी गेलो, माझा एक पाय मातीवर, दुसऱ्या पायाखालचे खडे खाली पडत होते आणि पडल्याचा आवाज येत नव्हता. मेंढ्यांनी मिरीला बघितलं. त्यांना काय माहीत दोरी, काय माहीत गाठ. त्यांना कुत्रं दिसलं. एकीनं मान खाली घातली, वळली, आणि मग सगळा कळप कड्यापासून सुटून आत सरकला, दार उघडावं तसा.

दगडामागून काहीतरी उठलं. करडं, धुक्यापेक्षा जरा गडद. आमच्याकडं बघत उभं राहिलं, आणि मग नव्हतं.

बाबांना काठी दिली. उतरताना मी सारखी म्हणत होते, "चला ना बाबा, लवकर चला ना," आणि त्यांचं एकच चालू होतं, "घाई नको, तिला घाई नको करू." लांडगा आमच्या बाजूबाजूनं येतच होता. दिसला नाही. मिरीचं नाक त्याच्याकडं होतं, घर येईपर्यंत, म्हणून कळलं.

बाबांचा गुडघा दुसऱ्या दिवशी भोपळ्याएवढा झाला. ते तसेच काठी टेकत टेकाड चढले. मी मागं गेले. भोंगाकाका दारातच होते.

"दिलीस?" काकांनी विचारलं. "साखळी तयार आहे."

"नाही देत," बाबा म्हणाले. "मागायला आलोय. तुझी कुत्री दे मला. खिंडीपुरती."

टेकाडावरून काकांनी बाबांना 'बस, बस' केलं होतं, ते बहुतेक त्यांनाही आठवलं असावं. त्यांनी इकडं तिकडं बघितलं. मग त्यांना कधी जमत नाही तेवढ्या हळू आवाजात म्हणाले, "माझी कुत्री तुझं ऐकणार नाहीत."

"म्हणून तू पण ये."

"येईन की. आणि तुझी ती राणी?"

"चालत येईल," बाबा म्हणाले. "हिच्या दोरीवर."

निघालो तेव्हा सकाळीच वारा सुटला होता. आधीच उशीर झाला होता, कातळावर बर्फाचा पापुद्रा धरला होता. काकांची कुत्री पुढं, काका ओरडत त्यांच्या मागं, बाबा काठीवर, आई सामानाच्या खेचराबरोबर, आणि सगळ्यात मागं मी आणि मिरी. दरी डाव्या हाताला. काकांनी त्यांच्या कुत्र्यांना शीळ मारली की मिरीची पाठ थरारायची. काकांची शीळ भांडं पडल्यासारखी वाजते, तरीपण. दरवेळी मी दोरीचा हाताला आणखी एक वेढा घ्यायचे. बोटं निळी पडली होती. मागच्या वळणावर कधी कधी एखादा खडा घरंगळायचा, आणि मला माहीत होतं की मागं आपलं कुणी नाहीये.

एका ठिकाणी मेंढ्या अडल्या. काकांच्या कुत्र्यांनी घाई केली, एक कोकरू बाहेरच्या अंगाला आलं, दरीकडं. मिरीनं ते माझ्या आधी बघितलं. सगळं अंग गोळा करून ती बसली, सुटायला. बाबांनी मागं वळून तिच्याकडं बघितलं. बोटं तोंडापर्यंत गेली. मग त्यांनी ती बोटं काढली, काठी टाकली, आणि स्वतः खुरडत, हातांवर, त्या काठाकडं गेले आणि कोकराचा पाय धरला. आईनं डोळे मिटून घेतले होते. काका काही ओरडले नाहीत.

माथ्यावर वाऱ्याच्या आडोशाला थांबलो. मेंढ्या टेकल्या, काकांची कुत्री टेकली. मिरी माझ्या पायावर डोकं ठेवून झोपलीच. मी हलले नाही, पाय बधिर झाला तरी.

"उठा," काका ओरडले, "अंधाराच्या आत उतरायचंय!"

मिरीनं डोळे उघडले. पुढचे पाय ताणले. मी श्वास धरून तिच्या मागच्या डाव्या पायाकडं बघत होते. तिनं तो खाली ठेवला. नख नाही, पूर्ण पंजा, बर्फावर सगळी बोटं उमटली. मग दुसरं पाऊल. तेही तसंच.

बाबा माझ्याकडं बघत होते. "काय गं?" म्हणाले. "टेकला?"

मागं, आम्ही आलो त्या वाटेवर, परत एक खडा घरंगळला.

"अजून एकदा बघू दे," मी म्हणाले, आणि दोरी आखूड धरली.